पोथीची राखण आणि घरचा सर्व्हर

१

मराठी ग्रंथांच्या इतिहासात ग्रंथ कोणी रचला आणि केव्हा रचला, या प्रश्नांची चर्चा विपुल झाली आहे. ग्रंथ ठेवला कोठे होता, तो राखला कोणी आणि राखताना त्याचे काय झाले, हे प्रश्न मात्र बहुधा संपादकाच्या प्रस्तावनेत दोन-चार परिच्छेदांपुरते येतात आणि मागे पडतात. वस्तुतः जे राखले गेले तेवढेच वाङ्मय म्हणून आपल्यापुढे आहे. जे राखले गेले नाही त्याचा इतिहास लिहिता येत नाही. प्रस्तुत टिपणात या राखणीच्या प्रश्नाकडे आजच्या एका साधनाच्या निमित्ताने पाहण्याचा विचार आहे. ते साधन म्हणजे घरचा सर्व्हर.

वाङ्मयाच्या अभ्यासकास हा शब्द परका वाटू नये म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आपण संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्यावरील मजकूर कोठल्या तरी संगणकावर साठवलेला असतो आणि तो संगणक अहोरात्र जागा राहून मागणाऱ्याला प्रत पाठवीत असतो. हा संगणक सामान्यतः एखाद्या कंपनीच्या इमारतीत, पुष्कळदा परदेशात असतो. तोच आपल्या घरी, आपल्या खर्चाने आणि आपल्या देखरेखीखाली चालविला की तो घरचा सर्व्हर झाला. त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स ही कार्यप्रणाली, १९९५ पासून उपलब्ध असलेला अपाचे हा वेब सर्व्हर आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, एवढ्या सामग्रीवर हे काम होऊ शकते.

मग ही उठाठेव करायची कशासाठी? याचे उत्तर गेल्या दोन दशकांच्या अनुभवात आहे. जिओसिटीजवरील लक्षावधी वैयक्तिक पाने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. याहू ग्रुप्सवरील जुने लेखन २०१९च्या अखेरीस काढून टाकण्यात आले आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. या जागांवर मराठीतही पुष्कळ वाद, कविता, रसग्रहणे आणि पत्रव्यवहार झाला होता. भाड्याच्या घरात मांडलेल्या संसारासारखी त्या लेखनाची गत झाली. घरमालकाने सांगितले, आणि बिऱ्हाड हलवावे लागले. ज्यांना हलवता आले नाही त्यांचे सामान गेले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण येथील बोली, म्हणजे झाडीबोली, अद्याप मोठ्या प्रमाणावर मुखीच आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा शब्दसंग्रह आणि व्याकरण यांवर केलेल्या कामामुळे तिला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळाली. परंतु दिवाळीनंतरच्या मंडईत उभी राहणारी दंडार, जात्यावरच्या आणि रोवणीच्या वेळच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण, विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून केलेल्या नोंदी, हे सारे आज प्राध्यापकांच्या घरच्या संगणकांत आणि मोबाइल संचांत विखुरलेले आहे. ते एकत्र आणून घरच्या सर्व्हरवर ठेवण्याचा प्रयत्न आम्ही काही सहकारी करीत आहोत. हे करताना जे प्रश्न पुढे आले, ते मराठी वाङ्मयाने सातशे वर्षांपूर्वी सोसलेल्या प्रश्नांशी इतके मिळतेजुळते निघाले, की आधी तो इतिहास पाहणे उचित ठरेल.

२

लीळाचरित्राच्या एकांकात चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणातील लीळा आहेत. त्या भ्रमणात त्यांना भंडाऱ्याचे निळभट्ट भेटतात. 'भांडारेकार' या गावाच्या नावानेच ते ओळखले जातात आणि स्वामींच्या मागे घर सोडून निघालेल्या आरंभीच्या शिष्यांत त्यांची गणना होते. आमच्या गावाचे नाव मराठीच्या आद्य गद्यग्रंथात असे एका माणसाच्या नावाला चिकटून आले आहे. ते आजवर टिकले, यामागे राखणीची एक दीर्घ आणि खडतर कथा आहे.

स्वामींच्या प्रयाणानंतर, इ. स. १२७८च्या सुमारास, ऋद्धिपूर येथे म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या. त्यांची पद्धती आजच्याही संशोधकाने आदर्श मानावी अशी होती. नागदेवाचार्यांच्या स्मरणातील लीळा त्यांनी आधी घेतल्या. पण तेवढ्यावर न थांबता ज्या-ज्या व्यक्तींचा त्या लीळांशी संबंध होता, त्यांना गाठून त्यांनी पडताळा केला. एका साक्षीदारावर विसंबायचे नाही, हे तत्त्व त्यांनी ग्रंथरचनेच्या आरंभीच स्वीकारले होते.

पुढे चौदाव्या शतकाच्या प्रारंभी, देवगिरीवरील दिल्लीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, पंथाची वाताहत झाली आणि लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली. येथे या ग्रंथाचा इतिहास संपू शकला असता. तो संपला नाही, कारण ग्रंथ अनेकांच्या मुखी होता. ज्यांना जेवढे पाठ होते त्यांनी तेवढे सांगितले आणि त्यातून तो पुन्हा उभा केला गेला. हिराइसेला संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत होता असे परंपरा सांगते. तिच्या स्मरणातून आलेला पाठ 'हिराइसा पाठ' म्हणून प्रसिद्ध आहे. 'पीढीपाठ' आणि इतर पाठ हेही याच पुनर्रचनेचे फळ होय.

या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की प्रत एकापेक्षा अधिक ठिकाणी आणि एकापेक्षा अधिक प्रकारे असेल तरच ग्रंथ वाचतो. धाड कागदावर येते, तेव्हा स्मरण उपयोगी पडते. दुसरी गोष्ट अशी, की अशा रीतीने वाचलेला ग्रंथ जसाच्या तसा परत मिळत नाही. तो पाठभेद घेऊन येतो. डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या संपादनापर्यंत अभ्यासकांना ज्या पाठभेदांशी झगडावे लागले, त्यांचे मूळ या हानीत आहे. प्रत हरवल्याची किंमत पिढ्यानपिढ्या मोजावी लागते.

संगणकाच्या क्षेत्रात यालाच बॅकअपचा नियम म्हणतात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो तीन अंकांत सांगितला आणि तोच आज रूढ आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी. महानुभावांनी दुसऱ्या गावाची ही तरतूद नकळत फार दूरवर केली होती. पंजाबात जयकृष्णी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांनी तेथील मठांतून मराठी पोथ्या जतन केल्या.

हा नियम भंडाऱ्यात पुस्तकी राहत नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात झालेली अतिवृष्टी आणि तेथील संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या सखल भागांत आणि पवनी, मोहाडी, लाखांदूर या बाजूच्या गावांत पाणी घरांत शिरले. अशा घरात सर्व्हर खालच्या फळीवर आणि त्याची प्रत शेजारच्या कपाटात असेल, तर दोन प्रती असूनही एकही उरत नाही. म्हणून आमच्या संग्रहाची एक प्रत वैनगंगेच्या खोऱ्याबाहेरच असावी, असा आमचा आग्रह आहे.

३

हानीचा अनुभव घेतलेल्या परंपरेने पुढे ग्रंथरक्षणाचा दुसरा उपाय योजला. तो सांकेतिक लिपीचा. चौदाव्या शतकाच्या मध्यास सकळ लिपी प्रचारात आली. तिचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. साती ग्रंथांपैकी 'सह्याद्रिवर्णन' त्यांचेच. या लिपीचे तत्त्व अक्षरांच्या अदलाबदलीचे आहे. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर वा चिन्ह योजावयाचे. ज्याला तक्ता ठाऊक तो वाचील, इतरांना ती निरर्थक अक्षरांची रांग दिसेल. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा अशा आणखी कितीतरी लिप्या निघाल्या. त्यामागे ग्रंथांविषयीची पूज्यबुद्धी होती, परकीयांचे भय होते, की स्वकीय विरोधकांपासून तत्त्वज्ञान जपण्याची इच्छा होती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणामाविषयी मात्र दुमत नाही. ग्रंथ सुरक्षित राहिले आणि मराठी समाजाला ते शतकानुशतके अज्ञात राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ही कोंडी फुटली. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'च्या १९१९च्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला स्थान मिळाले. त्यानंतर १९२५ साली य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ आला आणि १९३६ पासून ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. म्हणजे तोपर्यंत मराठी वाङ्मयाचा जो इतिहास लिहिला आणि शिकविला गेला, त्यात मराठीचे आद्य गद्यच नव्हते. ते नष्ट झाले नव्हते. ते कुलूपबंद होते. त्या काळच्या वाचकाच्या दृष्टीने या दोहोंत फरक काय होता?

आपल्या पिढीने असेच एक कुलूप अजाणता घडविले आहे. १९९० आणि २००० या दशकांत मराठी मजकूर बहुधा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलिखित होई. या पद्धतींत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन चिन्हांचाच असे. फाँट केवळ त्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवी. प्रत्येक फाँटाचा तक्ता वेगळा. फाँट हरवला की उरते ती अर्थहीन चिन्हांची रांग, म्हणजे तत्त्वतः सकळ लिपीच. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती आणि विंडोज २०००पासून ती सर्वसामान्य संगणकावर वापरता येऊ लागली. तरी छापखाने आणि महाविद्यालये कित्येक वर्षे जुन्याच वाटेने गेली. त्या काळातील प्रबंध आणि शब्दसंग्रह आज सर्व्हरवर चढविताना आपल्याला राजवाड्यांचेच काम पुन्हा करावे लागते : तक्ता शोधायचा, अक्षरामागून अक्षर लावायचे आणि 'दुसऱ्या'मधील अर्धा र नीट उतरला की नाही, हे डोळ्यांनी पाहायचे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. अशा रूपांतरात यंत्राकडून शुद्धलेखन तपासून घेण्याचा मोह होतो. झाडीबोलीत 'डोळा' हा 'डोरा' होतो. ण, ळ, श, ष या अक्षरांच्या जागी ती न, र, स योजते. प्रमाण मराठीचा तपासनीस तिच्या प्रत्येक ओळीला दोष लावील आणि मुभा दिल्यास सुधारून टाकील. मग बोलीची प्रत राहील आणि बोली जाईल. पाठचिकित्सेत अवघड पाठ सोपा करणाऱ्या लेखनिकाविषयी आपण विद्यार्थ्यांना सावध करतो. तो लेखनिक आता यंत्राच्या रूपाने घरी आला आहे, एवढेच.

४

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला काही विनंत्या करीत असे. पाण्यापासून जप, तेलापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नको, असा त्यांचा आशय असे. घरच्या सर्व्हरच्या दुखण्यांची यादी करू गेल्यास ती याहून फारशी वेगळी होत नाही.

पाण्याचा विचार वर झाला. तेलाचा डाग जसा हळूहळू आणि न कळत पसरतो, तसे काम येथे उष्णता, धूळ आणि वीज करतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद खोलीतील यंत्र तापून आपोआप मंद होते वा बंद पडते. वीज गेली की चालू लिखाण अर्धवट राहते आणि डिस्कवरील सूची बिघडते. रास्पबेरी पायमधील कार्ड तर अशा धक्क्यांनी लवकर निकामी होते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले, पण इन्व्हर्टर पुरवठा बदलताना क्षणभर जो खंड पडतो तोही पुष्कळ यंत्रांना सोसत नाही. मध्ये यूपीएस हवा, आणि त्याची बॅटरी संपत आली की सर्व्हरने स्वतःहून नीट मिटून घ्यावे, अशी सोय लावून ठेवावी.

सर्व्हर 'दिसत नाही' अशी तक्रार आली म्हणजे कोठून पाहावे? येथे पाठचिकित्सकाची शिस्त उपयोगी पडते : जवळून दूर जायचे, एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहायचा. प्रथम यंत्र चालू आहे का, वायर जागेवर आहे का, हे पाहावे. नंतर घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरचा अंतर्गत पत्ता उघडावा. तेथे तो उघडत असेल, तर दोष सर्व्हरात नसून बाहेरच्या वाटेत आहे. पत्त्याच्या अंकांनी उघडतो पण नावाने उघडत नाही, तर दोष नावांच्या नोंदणीत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. विनंतीला तत्काळ नकार मिळाला, तर निरोप यंत्रापर्यंत पोहोचला आहे, फक्त तेथील सेवा बंद आहे. आणि काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर निरोप वाटेतच अडला आहे. शांतता आणि नकार यांतला हा भेद ज्याला कळला त्याचे अर्धे काम झाले. सेवा वारंवार मरत असेल तर डिस्क भरली आहे का ते पाहावे; नोंदींच्या फायलीच वाढत जाऊन जागा खातात, हे नेहमीचे कारण आहे. उरलेले उत्तर त्या नोंदींतच असते. लॉग वाचणे म्हणजे बखर वाचणे होय. अखेरच्या ओळीला भुलून न जाता पहिली विसंगती कोठे आली ते शोधावे.

लहान गावांतील सर्व्हरचालकाला हटकून भेटणारी अडचण आणखी एक आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा केंद्रीय साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यानंतर अनेक सेवादाते कितीतरी घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देऊ लागले. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या अंकांनी सुरू होत असेल, तर आपले घर अशा सामायिक वाड्यात आहे असे समजावे. वाड्याच्या दारावर आपले नाव नाही, तेव्हा पोस्टमन आपल्यापर्यंत येणार नाही. राउटरमध्ये कितीही दारे उघडली तरी उपयोग नाही. यावर उपाय दोन. सेवादात्याने नवे आयपीव्ही६ पत्ते दिले असतील तर ते वापरावे. नाहीतर बाहेर एक लहान यंत्र भाड्याने घेऊन घरापासून तेथवर वायरगार्डसारखा सुरक्षित बोगदा काढावा. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे.

बॅकअपची परीक्षा मात्र ती परत उतरवून पाहिल्याखेरीज होत नाही. मायएसक्यूएल या माहितीसाठ्याची मूलभूत अक्षरपद्धती २०१८च्या ८.० आवृत्तीपर्यंत युरोपीय लिप्यांपुरती होती. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. ते चुकीच्या पद्धतीने वाचले गेले की विचित्र चिन्हे दिसतात. हा दोष दुरुस्त होतो, कारण मूळ बाइट शाबूत असतात. परंतु साठवतानाच अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले असेल, तर परतीची वाट नाही. लिप्यंतर झालेला ग्रंथ वाचता येतो, पुसलेला नाही. म्हणून प्रत काढल्याचा आनंद मानण्यापूर्वी ती दुसऱ्या यंत्रावर उघडून चार पाने वाचावीत. जुने लेखनिक ग्रंथसंख्या मोजून लिहीत, ते याचसाठी. आज त्या जागी प्रत्येक फायलीची चेकसम ही अंकमुद्रा काढून ठेवतात. एक अक्षर बदलले तरी मुद्रा बदलते.

५

सैल बांधणी आणि अयोग्य हात ही उरलेली दोन भये सुरक्षेची आहेत. 'आमच्या संग्रहात चोरण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न सहकारी विचारतात. हल्लेखोराला पुष्कळदा संग्रह नको असतो. त्याला यंत्र हवे असते. २०१६ साली मिराई या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड, साठाहून अधिक जोड्या, एकामागून एक लावून पाहात जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या सैन्याच्या बळावर डिन या कंपनीच्या नामसेवेवर हल्ला झाला आणि मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने तर घरगुती साठवणयंत्रांवरच, विशेषतः क्यूनॅपच्या यंत्रांवर, झडप घातली. लोकांच्या फायली सांकेतिक करून किल्लीसाठी खंडणी मागितली गेली. महानुभावांनी स्वतःच्या हाताने लावलेले कुलूप येथे परका लावून जातो.

यापासून रक्षणाचे उपाय गूढ नाहीत. आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा. जी सेवा लागत नाही ती बंद ठेवावी आणि जी फक्त घरापुरती आहे तिचे दार बाहेर उघडू नये. दुरून यंत्र चालवायचे तर एसएसएच वापरावे. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी पासवर्ड टिपून घेतल्यावर तातू यलोनेन याने १९९५ साली ही पद्धती तयार केली. त्यातही पासवर्डऐवजी किल्लीची जोडी वापरावी : एक किल्ली सर्व्हरवर, दुसरी केवळ आपल्याजवळ. चुकीचे प्रयत्न वारंवार करणारा पत्ता फेल२बॅनसारख्या साधनाने काही काळ अडवावा. संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र घ्यावे. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ते विनामूल्य देते. त्याची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण आपोआप व्हावे आणि ते होते आहे याची अधूनमधून खात्री करावी. याशिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर चढवाव्यात. सैल बांधणी ती हीच.

परंतु दुरुस्तीच दूषित असली तर? मार्च २०२४ मध्ये असे घडता घडता राहिले, आणि ती हकीकत पाठचिकित्सा शिकविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या लहानशा साधनाच्या देखभालीत 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून विश्वास संपादन केला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती चोरवाट उघडी करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेत नव्हता. वितरणासाठी बांधलेल्या प्रतीत तेवढा होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय उशीर जाणवला. त्याने तो धागा सोडला नाही आणि प्रक्षेप उघडकीस आला. वितरित प्रत मूळ संहितेशी ताडून पाहणे, लहानशा विसंगतीकडे दुर्लक्ष न करणे, हे आपल्याच शास्त्राचे नियम आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये असे बजावले, ते अशाच प्रक्षेपांच्या भयाने. वाचण्याचा अधिकार सर्वांना, लिहिण्याचा मोजक्यांना, ही सर्व्हरवरील परवानग्यांची मांडणी त्या बजावणीतच आहे.

६

या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. इतकी दगदग एका प्राध्यापकाने घरी करण्यापेक्षा संग्रह मोठ्या संस्थेच्या स्वाधीन का करू नये? संस्था हव्यातच. ऋद्धिपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे, हे या परंपरेच्या दृष्टीने समाधानाचे आहे. तथापि संस्थाही अभेद्य नसतात. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेला हल्ला आपण विसरलेलो नाही. संस्थेतील प्रत आणि घरची प्रत यांत विरोध नाही. त्या एकमेकींच्या साक्षी आहेत. एबेन मॉग्लेन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये न्यूयॉर्क येथील व्याख्यानात घरोघर स्वतःचा सर्व्हर असावा अशी जी कल्पना मांडली आणि ज्यातून पुढे फ्रीडमबॉक्स हा प्रकल्प उभा राहिला, तिचा आशयही मुख्यतः सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा होता. तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावात त्याचा प्रयोगही झाला आहे.

खरा प्रश्न कुलपाचा आहे. आमचे मत असे, की कुलूप दाराला असावे, ग्रंथाला नव्हे. यंत्रात शिरण्याची वाट जितकी अरुंद करता येईल तितकी करावी. आत ठेवलेला मजकूर मात्र युनिकोडमध्ये, साध्या आणि सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात असावा. सकळ लिपीने ग्रंथ वाचविला, पण वाचक गमावला. आपल्याला दोन्ही हवे आहेत.

या नियमाला अपवाद आहे, तो माणसांचा. रोवणीच्या गाण्यात एखादी बाई स्वतःच्या सासरचे दुःख नावानिशी सांगते. ते तिने समोर बसलेल्या मुलीला सांगितलेले असते, जगाला नव्हे. तिची संमती नसेल तर तेथे कुलूपच योग्य. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला आहे. पण कायदा नसता तरी तो आपल्यापुढे असताच. अशा ध्वनिफिती वेगळ्या, सांकेतिक केलेल्या विभागात ठेवाव्यात आणि कोणती फीत कोणत्या अटीवर मिळाली हे तिच्यासोबतच लिहून ठेवावे.

आणि कुलूप असेल तेथे किल्लीचा वारस ठरलेला असावा. प्राध्यापक बदलून जातात, निवृत्त होतात, मरतात. सांकेतिक केलेल्या डिस्कचा पासवर्ड एकाच माणसाच्या स्मरणात असेल, तर त्या माणसाबरोबर संग्रह जाईल, आणि तो उलगडायला कोणी राजवाडे येणार नाहीत. सकळ लिपी मानवी बुद्धीला उलगडण्याजोगी होती. आजचे सांकेतिकीकरण तसे नाही. हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. महानुभावांकडे तक्ता गुरूकडून शिष्याकडे जाई, म्हणूनच सहाशे वर्षांनंतरही तो जाणणारे महंत होते.

यास्तव आमच्या गटाने एक साधी व्यवस्था केली आहे. यंत्र कोठे आहे, प्रती कोठे आहेत, त्या परत कशा उतरवायच्या आणि किल्ली कोणती, हे सर्व मराठीत, पायरीपायरीने, दोन कागदांवर हाताने लिहून दोन मोहोरबंद पाकिटांत ठेवले आहे. एक पाकीट भंडाऱ्यात एका सहकाऱ्याकडे आहे, दुसरे जिल्ह्याबाहेर. दरवर्षी उन्हाळी सुट्टीत, ज्याने तो कागद लिहिला नाही अशा व्यक्तीने तो उघडून, केवळ त्याच्या आधारे एक ध्वनिफीत परत मिळवून दाखवायची, असा नियम आहे. गेल्या मे महिन्यात हे काम एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने केले. तिला साडेतीन तास लागले, कागदातील दोन पायऱ्या अस्पष्ट निघाल्या, त्या तिने स्वतःच्या हाताने नव्याने लिहिल्या. आणि लाखांदूरकडच्या एका दंडारीचे ध्वनिमुद्रण तिच्या संगणकावर वाजू लागले.